मोजून कापलेली वायर

गुरांचा डॉक्टर गाईच्या मागून कोपरापर्यंत हात घालतो, तेव्हा त्याचे डोळे आभाळाकडं असतात, हे तुम्ही कधीतरी पाहिलं असेल. डोळ्यांचा तिथं उपयोग नसतो. जे काय पाहायचं ते बोटांनी. मीही गेली तीसेक वर्षं असाच बसलेलो आहे. फरक एवढाच, की माझा हात गाडीच्या दारात असतो आणि गाडी लाथ मारत नाही. लाथ मालकानं मारायला पाहिजे होती, निदान चार-पाच वेळा तरी. पण आमच्याकडची माणसं बरी, म्हणून मी दिवाळी अंकात लिहायला शिल्लक राहिलो.

दारव्ह्याला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान. पाटीवर 'ऑटो इलेक्ट्रिक' असं लिहिलेलं आहे, पण गावात मला कोणी त्या नावानं ओळखत नाही. 'दारवाले बंडूभाऊ' म्हटलं की लहान पोरगंही आणून सोडतं. कारण माझं मुख्य काम दाराचं. माणूस जपून-जपून गाडीचं स्वस्तातलं मॉडेल घेतो. त्याच्या दारात काहीच नसतं. हातानं फिरवायची काच आणि बोटानं दाबायचं लॉक. मग महिन्याभरात शेजाऱ्याच्या गाडीची काच बटणावर खाली जाताना दिसते आणि याची झोप उडते. तो माझ्याकडं येतो. मी त्याच्या दारात बटणाची काच, एका किल्लीत चारही लॉक, स्पीकर, पायाखाली उजेड पाडणारा दिवा, जे म्हणाल ते बसवतो. आणि त्या सगळ्यासाठी वायर लागते.

आता ही वायर म्हणजे काय भानगड आहे ते सांगतो. बाकी गाडीत वायर एकदा टाकली की ती म्हाताऱ्या माणसासारखी पडून राहते. गालिच्याखाली, पत्र्याच्या कडेला, कुठंही. दाराचं तसं नाही. दार हलतं. दिवसातून वीस-पंचवीस वेळा उघडतं आणि लागतं, आणि प्रत्येक वेळी बिजागरीपाशी वायर वाकते, ताणली जाते, पुन्हा सैल पडते. म्हणून तिथं एक रबराची नळी असते, घड्या घड्यांची. मी तिला सोंड म्हणतो. गाडीच्या अंगातून निघून ती दारात शिरते. तिच्यातून नवी वायर ओवायची म्हणजे सायकलच्या ब्रेकची तार घ्यायची, तिला दाढीचा साबण फासायचा, वायर तिच्या टोकाला बांधायची आणि श्वास रोखून ओढायची. हे जमलं की निम्मं काम झालं. राहिलेलं निम्मं म्हणजे ढील. बिजागरीपाशी वायर थोडी सैल सोडायची. किती सैल? इतकी, की दार पुरं उघडलं तरी ती ताणली जाऊ नये आणि बंद केलं तरी चेपू नये. एवढंच शास्त्र आहे. पहिल्याच वर्षी माझ्या उस्तादांनी मला ते शिकवलं, आणि मी ते कुठं विसरलो ते पुढं सांगणारच आहे.

त्याआधी दोन कबुल्या देऊन टाकतो, म्हणजे माझ्याबद्दल तुमच्या मनात उगाच आदर राहायला नको.

दिग्रसच्या एका मास्तरांच्या गाडीत मी बटणाच्या काचा बसवल्या. त्यात एक वायर चुकून ब्रेकच्या लाईटवर गेली. त्यामुळं मास्तरांनी ब्रेक दाबला की मास्तरीणबाईंच्या बाजूची काच आपोआप चार बोटं खाली यायची. मास्तर आठ दिवसांनी आले. मी आधीच हात जोडून उभा. तर ते हळूच म्हणाले, "दुरुस्त कर, पन लगेच नोको करू. ते म्हनून राह्यली, मले गरम होऊन राह्यलं हे तुमाले न सांगता कसं कळते हो? लग्नाले बावीस वर्षं झाले, पहिल्यांदा चांगलं बोलली." ती वायर मी पुढच्या महिन्यात बदलली.

दुसरी कबुली बाभुळगावच्या खोडेभाऊंची. त्यांचं बी-बियाण्याचं दुकान. स्पीकर बसवायला मी त्यांच्या गाडीच्या दाराचं आतलं पॅड काढलं. पॅडच्या मागं एक प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवलेला असतो. लोकांना वाटतं तो कंपनीनं विसरून सोडला. तसं नाही. काचेवरून ओघळलेलं पावसाचं पाणी दाराच्या पोटात जातं आणि खालच्या भोकातून निघून जातं. ते गाडीत येऊ नये म्हणून तो कागद. मी तो परत चिकटवला नाही. चार क्लिपा ठोकल्या आणि गाडी दिली. श्रावणात खोडेभाऊ पायाखालची चटई काखेत मारून दुकानात आले. चटई उलगडली, तर तिच्यावर वीतभर सोयाबीन उगवलेलं. पोत्यातून सांडलेले दाणे, वरून माझं पाणी.

"बंडूभौ," ते म्हणाले, "गाडी पेरली का तुमी माही?"

मी म्हणालो, "चुकलो भाऊ."

"चुकले तं चुकले. पन उगवन पाहा ना! एक दाना वाया नाही गेला." आणि ती चटई त्यांनी त्या हंगामात स्वतःच्या काउंटरवर ठेवली, गिऱ्हाईकाला दाखवायला.

तर असा मी. आता प्रेमसिंगची गोष्ट.

बोरी अरबच्या पुढं एक बंजारा तांडा आहे. तिथला प्रेमसिंग राठोड ट्रॅक्टर चालवतो, आणि त्या वर्षी त्यानं एक जुनी, पांढरी, उंच गाडी घेतली होती, दाराखाली चढायला पायरी असलेली. ऐन उन्हाळ्यात एका सकाळी तो ती घेऊन आला आणि म्हणाला, "बंडूभौ, चारही दारात मोठे स्पीकर पाहिजे. अन् माईक. दारं उघडले का आवाज तांड्याच्या त्या टोकाले गेला पाहिजे."

मला वाटलं, नेहमीचं काम. आमच्याकडं कुठंही चार माणसं जमली की गाडीची चारही दारं उघडून गाणी लावतात. तलावावर, लग्नात, निवडणुकीत. मी विचारलं, "नाचाले काय?"

"नाही. दादीसाठी."

त्याच्या धाकट्या बहिणीचं, सुनीताचं लग्न होतं. आणि या लोकांमध्ये एक रीत आहे. मला जेवढी समजली तेवढी सांगतो. नवरी सासरी निघते तेव्हा ती गाते. साधं गाणं नव्हे. माहेराला, आईबापाला, तांड्याला उद्देशून, रडत-रडत, लांब सुरात. त्याला हवेली म्हणतात. पूर्वी सगळा तांडा बैलांवर धान्य-मीठ लादून देशभर फिरायचा. तेव्हापासून नवरी सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहून हवेली गाते. उंचावर, म्हणजे सगळ्यांना दिसेल आणि ऐकू जाईल.

"मंग बैल आन ना कोनाचा," मी म्हणालो.

"आनला असता. मागल्या वर्षी पाव्हन्याच्या तांड्यात डीजे वाजला अन् बैल बुजला. नवरीसगट नाल्यापर्यंत गेला. नवरदेव जोडे हातात घेऊन मागं. म्हनून आमी ठरवलं, सुनीता गाडीच्या पायरीवर उभी राहीन, दार धरून. पन दादीचं काय?"

दादी म्हणजे प्रेमसिंगच्या वडिलांची आई, झमलीबाई. दोन वर्षांपूर्वी तिचे पाय गेले. ती तांड्याच्या वरच्या टोकाला, चढावरच्या जुन्या घरात बाजेवर असायची. लग्न खाली, देवळासमोरच्या मैदानात. सुनीताला ही हवेली दादीनंच शिकवली होती, दोन उन्हाळे, बाजेशी बसवून. दादीचं म्हणणं एकच होतं. बैल नाही तर नाही, मांडव नाही तर नाही, जेवण तर तिला नकोच होतं. पण पोरगी निघताना गाईल ते मला ऐकू आलं पाहिजे.

"बाजेसगट खाली आना ना मंग म्हातारीले."

"आनत होतो. म्हनते, माह्या घरातून मी चार खांद्यावर एकदाच निंघन."

मी मग म्हणालो, "भोंगे नाही, तुह्या दादीच्या कानात देव बोलल्यासारखा आवाज देतो." माझी ही सवयच आहे. काम सुरू व्हायच्या आधी मी बढाई मारतो आणि मग काम ती ऐकतं.

प्रेमसिंगची एक अट होती. "लटकती वायर दिसली नाही पाहिजे भौ. पांढरकवड्याकडचे पाव्हने हायेत. नावं ठेवतीन."

म्हणून मी त्या गाडीवर जीव ओतला. चार दिवस. सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर, चारही दारांत स्पीकर, चारही सोंडांतून नवी वायर. सोंड आधीच भरलेली होती, म्हणून बिजागरीपाशी आत एक खटक्याचा जोड घेतला, एका तुकड्याची पिन दुसऱ्याच्या खोबणीत बसते तो. आणि लटकू नये म्हणून वायर मोजून कापली. दार उघडलं, वायर ताणून पाहिली, बरोबर तेवढी ठेवली, बाकी कापून टाकली. एक इंच जास्त नाही. उस्ताद असते तर त्यांनी माझा कान धरला असता. मी मात्र दहा वेळा दार उघडून-लावून पाहिलं, गाणं लावलं, आणि स्वतःच्याच कामाकडं लांबून, मान वाकडी करून बघत उभा राहिलो. चित्रकार बघतात तसा.

आता या जागी माझ्या गल्लीबद्दल सांगायला पाहिजे. गल्ली आधीच अरुंद. त्यात त्या वर्षी समोरच्या किराणावाल्यानं दुकानापुढं दगडी ओटा बांधला. तेव्हापासून माझ्या दुकानासमोर कोणतीही गाडी उभी केली, की ओट्याच्या बाजूचं दार अर्धंच उघडायचं. दुसऱ्या बाजूला माझी भिंत, तिकडचंही अर्धंच. मला त्याची इतकी सवय झाली होती, की गाडीचं दार एवढंच उघडतं असं माझ्या डोक्यात बसून गेलं होतं. मी कडेकडेनं, पोट आत घेऊन शिरायचो आणि काम करायचो. चारही वायरी मी अर्ध्या उघडलेल्या दाराच्या मापानं कापल्या. आणि दहाच्या दहा वेळा तपासल्या त्या अर्ध्या दारानंच.

लग्नाचं आमंत्रण मला होतंच. "जेवाले या, अन् यंत्र बी पाहा," असं प्रेमसिंग म्हणाला होता. मी इस्त्रीचा शर्ट घातला. बायको म्हणाली, "पकड-टेस्टर घेता का नाही?" मी म्हणालो, "मी पाव्हना म्हनून चाललो." तिनं पकड आणि टेस्टर माझ्या स्कूटरच्या डिकीत टाकले. तीस वर्षांचा संसार आहे. तिला माझं काम माझ्यापेक्षा जास्त माहीत.

लग्न छान झालं. जेवणं झाली. दुपार उतरायला लागली तशी निघायची गडबड सुरू झाली. पांढरी गाडी देवळासमोर उभी, तोंड रस्त्याकडं, झेंडूच्या माळा. मी अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला. बिनवायरीचा माईक घेतला आणि पारव्यासारखी छाती फुगवून 'हॅलो, हॅलो' म्हणालो. दारं बंद होती, तरी आतून आवाज घुमला. बायाबापड्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी आयुष्यात तेवढा उंच कधी दिसलो नसेन.

मग नवरी आली. लाल-हिरवी फेटिया, म्हणजे त्यांचा घेरदार घागरा, आरशांचं काम, हातभर बांगड्या, आणि रडून सुजलेलं तोंड. ती पायरीवर चढली. प्रेमसिंगनं हात वर केला आणि चार दणकट माणसांनी चार दारं एकदमच, मोकळ्या मैदानात, मनसोक्त, पार शेवटपर्यंत उघडली.

खट. खट. खट. खट.

तो आवाज दुसऱ्या कोणाला कळला नाही. मला कळला. चार पिना चार खोबणींतून सुटल्या होत्या.

सुनीतानं माईक तोंडाशी धरला. काही नाही. माईकवर बोट मारलं. काही नाही. ती माझ्याकडं बघायला लागली, मग प्रेमसिंग माझ्याकडं बघायला लागला, मग त्याचे वडील, आणि मग हळूहळू सगळा तांडा. मी माईक तिच्याकडून घेतला, उगाच उलटा-सुलटा करून पाहिला, खिशात घातला आणि स्कूटरकडं पळालो. बायकोनं टाकलेली पकड घेऊन आलो.

नवरदेवाचे काका घड्याळ बघत होते. ते म्हणाले, "काहो वायरमन, आज लग्न कोनाचं हाय? तुमचं का?"

प्रेमसिंग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "भौ, दादी वाट पाहून राह्यली असन."

"दोन मिनटं."

"सुनीता म्हनते, दादीले आयकू नाही गेलं तं मी निंघनार नाही."

"म्हनलं ना दोन मिनटं!"

मी डाव्या बाजूचं मागचं दार अर्धं लोटलं, सोंड सरकवली, दोन बोटं बिजागरीत घातली आणि डोळे आभाळाकडं केले. पिन लागेना. बोटं चेमटली. आणि मग माझं तोंड सुटलं. हळू आवाजात, पुटपुटत, पण मनापासून. सगळ्यात आधी मी स्वतःला शिव्या घातल्या. मग वायरीला. मग किराणावाल्याला, त्याच्या ओट्याला, ज्या गवंड्यानं तो बांधला त्याला. मग पुन्हा स्वतःला. तेवढ्यात पिन लागली, पुन्हा निसटली, आणि ती दाबून लावता-लावता मी त्या गाडीला माझ्या आजोबांची ठेवणीतली शिवी दिली: "तुह्या खुरात किडे पडो!"

मैदानात मग कोणीतरी फिस्सकन हसलं. मग बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. नवरदेवाचे काका घड्याळ बघायचे थांबले. मला वाटलं, माझा अवतार बघून हसतात. प्रेमसिंग खुणा करून माझ्या खिशाकडं बोट दाखवत होता.

माईक. सुरूच होता. आणि पिन मधूनमधून लागत होती, तेव्हा-तेव्हा त्या एका दारातून माझ्या शिव्या, देव बोलल्यासारख्या आवाजात, तांड्याच्या त्या टोकापर्यंत गेल्या होत्या.

मी मान खाली घालून चारही पिना बसवल्या. चार माणसांना चार दारांपाशी उभं केलं आणि सांगितलं, "एवढंच उघडायचं. याच्या पुढं एक बोट बी नाही. हातानं धरून ठेवायचं." ते बैलाची वेसण धरावी तसे दारं धरून उभे राहिले. पण सुनीताचा धीर गेला होता. अर्ध्या दारात पायरीवर तिला धड उभं राहता येईना, आणि माईक मी परत दिला, तर तो तिनं तोंडाशी नेलाच नाही. तेवढ्यात वरच्या वाटेवरून एक बाई धापा टाकत आली, दादीच्या शेजारची. पदरानं घाम पुसत म्हणाली:

"दादी म्हनते, माहे पाय गेले, गाडीचे चाकं गेले काय?"

कोणाच्या लक्षातच आलं नाही ती काय म्हणते ते. मग आलं: गाडीच वर आणा.

सगळेच एकमेकांकडं पाहायला लागले. प्रेमसिंगचे वडील म्हणाले, "नवरीची गाडी निंघाली का तिचं तोंड माहेराकडं फिरवत नाही. आमच्यात नाही चालत."

नवरदेवाच्या काकांनी, ज्यांना आता सगळ्यात जास्त घाई होती, ते सोडवलं. "तोंड कायले फिरवता? मागं घ्या ना. रिवर्स!"

आणि मग त्या तांड्यानं जे कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. नवरीला आत बसवून तिची गाडी, तोंड सासरकडं ठेवून, उलटी चढ चढायला लागली. प्रेमसिंगला ट्रॉली मागं घेता येते, पण डोळ्यांत पाणी असताना कोणालाच काही मागं घेता येत नाही. मी मागं उलटा चालत ओरडत होतो, "येऊ दे, येऊ दे, डावीकडं, अबे डावीकडं, कोंबड्या!" माळा तुटल्या. एका कुडाला मागचा दिवा घासला. वरची वाट आत शिरली ती दोन घरांच्या दगडी भिंतींमधल्या बोळात, आणि बोळाच्या वरच्या टोकाला, उंबऱ्यापुढं, बाजेवर उशीला टेकून बसलेली झमलीबाई. लहानशी. चांदीचे दागिने तिच्यापेक्षा जड वाटत होते.

गाडी मागचं दार तिच्या बाजेशी येईल अशी थांबली. दारं उघडली. आणि मी पाहिलं: डावीकडं भिंत, उजवीकडं भिंत. दारं अर्धीच उघडली. नेमकी तेवढीच. माझ्या दुकानासमोर उघडायची तेवढीच.

चारही स्पीकर सुरू. अ‍ॅम्प्लिफायरचे हिरवे दिवे लागलेले. मी आयुष्यात केलेल्या सगळ्यात सुंदर कामासाठी जगात एकच जागा योग्य होती, आणि गाडी त्या जागी येऊन उभी राहिली होती. मी सुनीताला खूण केली, 'घे, बोल माईकवर.' 

तिनं माईक सीटवर ठेवून दिला.

अर्ध्या दारातून ती कशीबशी फेटिया सावरत निघाली, पायरीवर उभी राहिली, एका हातानं दार धरून खाली वाकली, दुसरा हात दादीच्या गळ्यात घातला, आणि तिच्या कानापाशी तोंड नेऊन गायला लागली. बिनमाईकची. मला त्यांची बोली पुरती कळत नाही. बापाचं घर, पाण्याची वाट, असे दोन-चार शब्द कळले. माझ्या चार दिवसांच्या कामाकडं तिनं ढुंकून पाहिलं नाही.

पण माईक सुरू होता. सीटवर, दाराशी, तिच्यापासून हातभर अंतरावर. तिचा आवाज त्यात जात होता, चारही दारांतून निघत होता, दोन भिंतींमधून चढाखाली वाहत जात होता. खाली मैदानात तिची आई, बाप, आत्या, सगळे उभे होते. बोळात जागा नाही म्हणून ते वर आले नव्हते. मी वळून पाहिलं. दिवसभर पंगती वाढत फिरणारा, कोणाला पाणी, कोणाला पान विचारणारा तिचा बाप देवळाच्या पायरीवर खाली बसला होता. त्याचं तोंड मला दिसलं नाही. पागोटं दिसत होतं, ते हलत होतं.

तेवढ्यात दादीनं हात वर केला. गाणं थांबलं. दादी तिच्या बोलीत, खणखणीत आवाजात काहीतरी म्हणाली आणि तेही चारही दारांतून खाली गेलं. खालून हसण्याचा मोठा आवाज आला. मी प्रेमसिंगकडं पाहिलं.

"काय म्हने?"

तो डोळे पुसत हसत होता. "म्हने, तिसरी ओळ चुकली. दोन वर्षं शिकवली तरी चुकली. पहिल्यापासून म्हन."

सुनीतानं नाक पुसलं, हसली, रडली आणि पहिल्यापासून गायली. या वेळी खालच्या बायकांनीही सूर धरला. मी बोळाच्या भिंतीला पाठ लावून उभा होतो आणि टेस्टर उगाच हातात फिरवत होतो. तिसरी ओळ आली तेव्हा दादीचे ओठ तिच्यासोबत हलले.

गाडी पुढं निघाली तेव्हा सगळे तिच्यामागं गेले. दादीपाशी मी आणि ती शेजारीण राहिलो. मी निघायच्या आधी तिच्या पायांना हात लावायला वाकलो. माझी गल्ली, तो ओटा, ती वायर, सगळं सांगून माफी मागायची होती. मला एकच खंत होती, आणि आजही आहे: स्पीकर केवढे पाहिजेत ते मी प्रेमसिंगला तीनदा विचारलं होतं, पण दादीचं घर कुठं आहे ते पाहायला एकदाही आलो नव्हतो. आलो असतो तर वायर लागलीच नसती.

मी म्हणालो, "दादी, गलती झाली. तुले आयकू यावं म्हनून—"

"मले सबन आयकू आलं," ती म्हणाली. तिचे डोळे अजून ओले होते, पण ते माझ्याकडं असे रोखलेले, की मी पहिलीच्या वर्गात उभा आहे असं वाटलं. "पोरीचं बी आयकलं. तुहं बी आयकलं. सबन."

मी टेस्टर खिशात घातला.

"बाकी शिव्या बऱ्या देते तू," ती म्हणाली. "एक चुकली. खुरात किडे पडो, हे बैलाले म्हनतेत. माह्या बापानं देली हाय ते शिवी, मले ठाव हाय. गाडीले खूर असते काय?"

"नाही."

"मंग चाकात म्हन."

त्यानंतर मी कोणाच्याही दाराची वायर कापायच्या आधी गाडी कापसाच्या जिनिंग फॅक्टरीच्या मोकळ्या मैदानात नेतो, चारही दारं पार शेवटपर्यंत उघडतो आणि मगच माप घेतो. गिऱ्हाईक विचारतात, इतक्या दूर कायले आणली भाऊ? मी सांगत नाही. आणि पिन लागली नाही, बोट चेमटलं, तोंड सुटलं, की आधी खिशात माईक नाही ना ते चाचपतो, आणि मग चाकातच म्हणतो.